अपराजित राहूनही बाहेर: अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल आणि निवडीच्या न्यायाचा वाद

२ डिसेंबर २०२३ च्या रात्री फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने लुईव्हिल विद्यापीठाला १६-६ असे हरवून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले. हंगामातला हा त्यांचा तेरावा सामना होता आणि तेरावा विजय. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी चार संघांची नावे जाहीर झाली, तेव्हा त्यांत फ्लोरिडा स्टेटचे नाव नव्हते. प्रत्येकी एक सामना गमावलेले टेक्सास आणि अलाबामा मात्र होते. निवड समितीचे म्हणणे असे की, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याला नोव्हेंबरमध्ये पायाची गंभीर दुखापत झाल्यापासून हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही. थोडक्यात, जो संघ कोणाकडूनही हरला नव्हता, तो पुढे हरेल या अंदाजावर बाहेर ठेवला गेला. प्रमुख कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चार संघांच्या पद्धतीत वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना शरद ऋतूतल्या शनिवारी आपले विद्यापीठ या खेळापायी ठप्प झालेले दिसते आणि सोमवारी वर्गात, प्रयोगशाळेत याच विषयावरचे वाद ऐकू येतात. हा आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच घालून, लांबट चेंडू हातात धरून किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत न्यायचा हा खेळ आहे आणि त्यात चाल आखणारा, चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. खेळणारे विद्यार्थी असले तरी पसारा विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचा नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. वाद समजण्यासाठी खेळाचे नियम फारसे लागत नाहीत. लागतो तो थोडासा हिशेब.

सर्वोच्च श्रेणीत २०२५ च्या हंगामात १३६ विद्यापीठांचे संघ होते. त्यांच्या जोड्या लावल्या तर ९,१८० वेगवेगळे सामने संभवतात. प्रत्येक संघ नियमित हंगामात १२ सामने खेळतो आणि त्यांतला एखादा बहुधा खालच्या श्रेणीतल्या संघाशी असतो. त्यामुळे या १३६ संघांचे आपापसांत साडेसातशे ते आठशेच्या दरम्यान सामने होतात, म्हणजे साधारण बारा जोड्यांपैकी एकच जोडी प्रत्यक्ष मैदानात उतरते. आयपीएलमध्ये दहा संघ प्रत्येकी चौदा साखळी सामने खेळतात, प्रत्येकाची प्रत्येकाशी किमान एकदा गाठ पडते, म्हणून तिथला गुणतक्ता पुरेसा बोलका असतो आणि दोन संघांचे गुण समान झाले तर निव्वळ धावगती पाहून विषय मिटवता येतो. कॉलेज फुटबॉलमध्ये असा एकच गुणतक्ता बनवता येत नाही, कारण ११ विजय मिळवलेल्या दोन संघांनी ते ११ विजय संपूर्णपणे वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळवलेले असू शकतात. हा खेळ शरीराला इतका झिजवतो की आठवड्याला एकाहून अधिक सामना खेळता येत नाही. त्यामुळे सामने वाढवून ही उणीव भरून काढण्याचा मार्गही बंद आहे.

हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले आहेत. साउथईस्टर्न, बिग टेन, बिग ट्वेल्व आणि अटलांटिक कोस्ट या चार प्रमुख कॉन्फरन्स, त्यांच्याखाली लहान मानल्या जाणाऱ्या काही कॉन्फरन्स, आणि कोणत्याही गटात न जाता स्वतंत्र राहिलेले नोटर डेमसारखे एखाद-दुसरे विद्यापीठ, अशी ही रचना आहे. पूर्वी कॉन्फरन्स आकाराने लहान होत्या आणि गटातले जवळजवळ सगळे संघ एकमेकांशी खेळत. दूरचित्रवाणीच्या कराराच्या पैशासाठी विद्यापीठे गट बदलू लागली, जुनी पॅसिफिक ट्वेल्व कॉन्फरन्स २०२४ मध्ये अवघ्या दोन संघांवर आली आणि बिग टेनमध्ये, नाव तेच राहून, १८ संघ झाले. या १८ पैकी प्रत्येक संघ गटातल्या १७ प्रतिस्पर्ध्यांपैकी फक्त ९ जणांशी खेळतो. एकाच कॉन्फरन्समधल्या दोन संघांपैकी एकाच्या वाट्याला गटातले सगळे बलाढ्य आणि दुसऱ्याच्या वाट्याला बहुतेक दुबळे येणे त्यामुळे सहज शक्य झाले. २०२४ मध्ये इंडियाना विद्यापीठाने १२ पैकी ११ सामने जिंकले, पण ओहायो स्टेटविरुद्धचा मोठा सामना ३८-१५ असा गमावला. तेव्हा इतर संघांचे चाहते महिनाभर एकच प्रश्न विचारत होते, की हे अकरा विजय नेमके कोणाविरुद्धचे?

परस्परांतील निकाल पाहून निवाडा करावा, हे ऐकायला सोपे वाटते. २००८ मध्ये टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरवले. टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ असे हरवले. आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडवला. तिघेही बिग ट्वेल्वच्या एकाच विभागात होते, तिघांचाही प्रत्येकी एकच पराभव झाला होता, आणि तिघांपैकी एकालाच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जाता येणार होते. शेवटी राष्ट्रीय क्रमवारीत सर्वांत वर असल्यामुळे ओक्लाहोमा पुढे गेले. टेक्सासचे चाहते अजूनही आपण त्यांना मैदानात हरवले होते याची आठवण करून देतात, आणि टेक्सास टेकचे चाहते त्यांना तीच आठवण परत करतात. कोणत्याही सूत्राने हे तिघे एका सरळ रेषेत उभे केले, तरी ते सूत्र एका तरी निकालाच्या विरोधात जाणारच.

अशा परिस्थितीत राष्ट्रीय विजेता कसा ठरत असे, याचा इतिहास थोडा चमत्कारिक आहे. कितीतरी दशके तो सामन्याने ठरतच नव्हता. हंगाम संपल्यावर निरनिराळ्या शहरांत ‘बोल’ नावाचे मानाचे सामने होत. त्यांतला रोझ बोल १९०२ पासूनचा. कोणत्या बोलमध्ये कोणत्या कॉन्फरन्सचा विजेता खेळेल हे जुन्या करारांनी बांधलेले असे आणि सर्वोत्तम संघ कोणता हे पत्रकारांच्या मतदानातून, म्हणजे १९३६ पासून चालत आलेल्या असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीतून, तसेच नंतर सुरू झालेल्या प्रशिक्षकांच्या क्रमवारीतून ठरे. १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित राहिले. पण मिशिगनला रोझ बोलमध्येच खेळणे भाग असल्याने दोघांची गाठ पडली नाही. पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला विजेता ठरवले.

त्यावर उपाय म्हणून १९९८ पासून बीसीएस (बोल चॅम्पियनशिप सिरीज) ही पद्धत आली. क्रमवाऱ्या आणि संगणकांची गणिते एकत्र करून पहिले दोन संघ निवडायचे आणि त्यांना एकमेकांशी खेळवायचे. दोनच जागा असल्यामुळे तिसऱ्याची तक्रार जवळजवळ दरवर्षीची झाली. २००१ मध्ये नेब्रास्का नियमित हंगामातला शेवटचा सामना कोलोरॅडोकडून ६२-३६ असा हरले, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यालाही पात्र ठरले नाही, तरी संगणकांच्या हिशेबात राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचले आणि तिथे मायामीने त्यांना ३७-१४ असे हरवले. २००४ मध्ये ऑबर्न सर्व सामने जिंकूनही बाहेर राहिले, कारण आणखी दोन अपराजित संघ त्यांच्या वर होते. संगणक पक्षपात करत नाही हे खरे, पण त्याला काय मोजायचे ते माणसेच सांगतात. विजयाचे अंतर मोजले तर बलाढ्य संघ दुबळ्यांवर शेवटच्या मिनिटापर्यंत गुण लादत राहतात, म्हणून २००२ पासून ते अंतर हिशेबातून वगळण्यात आले. मग एका गुणाचा आणि चाळीस गुणांचा विजय समान ठरू लागला.

२०१४ पासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली आणि निवडीचे काम १३ जणांच्या समितीकडे आले. समितीत विद्यापीठांचे विद्यमान क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू अशी मंडळी असतात. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला टेक्सासमधील ग्रेपवाइन येथील एका हॉटेलात बसून ते पहिल्या २५ संघांची क्रमवारी लावतात. मतदानाची रीत समजून घेण्यासारखी आहे. सदस्य आधी क्रम न लावता सर्वोत्तम वाटणाऱ्या संघांची यादी देतात. मग सहा संघांचा एक गट पुढे येतो, त्यांना प्रत्येक सदस्य एक ते सहा क्रमांक देतो, वरचे तीन पक्के होतात आणि उरलेले तीन पुढच्या गटात मिसळतात. ज्याचा संबंध एखाद्या विद्यापीठाशी असेल तो सदस्य त्या संघाच्या मतदानात भाग घेत नाही. मतपत्रिका जाहीर होत नाहीत. समितीचे अध्यक्ष दूरचित्रवाणीवर येऊन निर्णयाचे स्पष्टीकरण देतात, आणि चाहत्यांचा संताप बऱ्याचदा निर्णयापेक्षा या स्पष्टीकरणावरच जास्त असतो.

समितीला दिलेले निकष असे आहेत: प्रतिस्पर्ध्यांची ताकद, परस्परांतील लढत, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल, कॉन्फरन्सचे विजेतेपद, आणि महत्त्वाचा खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसण्यासारख्या बाबी. कोणत्या निकषाला किती वजन, हे कुठेही ठरवलेले नाही. इथेच सगळ्या भांडणाचे मूळ आहे असे मला वाटते. या यादीत दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. पहिला प्रश्न, आज कोणता संघ सर्वांत बलवान आहे? हा अंदाजाचा प्रश्न आहे. त्यात दुखापती मोजाव्या लागतात, विजयाचे अंतर मोजावे लागते, आणि निसटता पराभवही कधी कौतुकाचा ठरतो. दुसरा प्रश्न, हंगामभराच्या कामगिरीने ही जागा कोणी कमावली? हा हिशेबाचा प्रश्न आहे. त्यात जिंकलेला सामना जिंकलेला असतो, मग तो राखीव खेळाडूंनी जिंकलेला का असेना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि पुष्कळदा दोघांचे उत्तर एकच येते. उत्तरे वेगळी आली की समितीला त्यांतले एक निवडावे लागते, आणि कोणते निवडले जाईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

२०१४ आणि २०२३ शेजारी ठेवून पाहिले की ही अडचण स्पष्ट होते. २०१४ मध्ये शेवटच्या आठवड्याआधी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ तिसऱ्या आणि ओहायो स्टेट पाचव्या क्रमांकावर होते. टेक्सास ख्रिश्चनने शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि ते सहाव्या क्रमांकावर घसरले. ओहायो स्टेटचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक दुखापतींमुळे बाद झाले होते. तिसरा, कार्डेल जोन्स, बिग टेनच्या अंतिम सामन्यात उतरला, विस्कॉन्सिनला ५९-० अशी धूळ चारली गेली, आणि ओहायो स्टेट चौथ्या क्रमांकावर आत आले. त्यानंतर त्याच तिसऱ्या क्वार्टरबॅकसह त्यांनी अलाबामाला आणि ओरेगॉनला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मुख्य खेळाडू जायबंदी झाला म्हणून संघ संपला असे मानणे किती धोक्याचे आहे, याचा पुरावा समितीच्या पहिल्याच वर्षात मिळालेला होता. नऊ वर्षांनी फ्लोरिडा स्टेटला मात्र तशी संधी मिळाली नाही.

त्या निर्णयाचे समर्थक नंतरच्या ऑरेंज बोलकडे बोट दाखवतात, जिथे जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे चिरडले. मला हा युक्तिवाद पटत नाही. वगळले गेल्यावर फ्लोरिडा स्टेटच्या अनेक प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यातून माघार घेतली होती. विजेतेपदाची आशाच काढून घेतलेल्या अर्ध्या संघाचा पराभव हा आधीच्या निर्णयाचा पुरावा होऊ शकत नाही. पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अलाबामाने तेव्हा अव्वल असलेल्या जॉर्जियाला हरवून साउथईस्टर्नचे विजेतेपद मिळवले होते आणि टेक्सासने सप्टेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच मैदानावर हरवले होते. या दोघांपैकी कोणालाही वगळले असते, तरी अन्यायाची ओरड झालीच असती.

लहान कॉन्फरन्सच्या संघांचे दुखणे निराळे आहे. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ एकही सामना न हरता समितीच्या क्रमवारीत बाराव्या स्थानाच्या वर गेले नाही. मग त्यांनी पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असे हरवले. आणि ऑबर्नने त्याच हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांना, म्हणजे राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या दोन्ही संघांना, हरवलेले होते. सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःलाच राष्ट्रीय विजेता घोषित केले, मिरवणूक काढली आणि देशभर त्याची थट्टा झाली. थट्टा बाजूला ठेवली तर त्यांचा प्रश्न अनुत्तरितच राहतो: कमकुवत संघांशी खेळलात म्हणून जागा नाही असे सांगायचे, आणि बलाढ्य संघांनी त्यांच्याशी खेळायला नकार द्यायचा, तर आपली ताकद सिद्ध करायची कुठे? सिनसिनाटीला २०२१ मध्ये प्रवेश मिळाला तो बऱ्याच अंशी त्यांनी नोटर डेमला त्यांच्या घरी हरवले म्हणून.

२०२४ पासून बाद फेरी १२ संघांची झाली. कॉन्फरन्सच्या विजेत्यांपैकी क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच जणांना हमखास जागा, बाकीच्या सात समितीच्या क्रमवारीनुसार. पहिल्या वर्षी एक विचित्र नियम होता: पहिल्या फेरीतून पुढे चाल फक्त कॉन्फरन्सच्या विजेत्यांनाच मिळे. त्यामुळे समितीच्या क्रमवारीत नववे असलेले बॉइझी स्टेट तिसरे मानांकित झाले, बारावे असलेले ॲरिझोना स्टेट चौथे, आणि पुढे चाल मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. विजेतेपद मिळवले ते आठव्या मानांकित ओहायो स्टेटने, जे नियमित हंगामात मिशिगनकडूनही हरले होते. २०२५ मध्ये हा नियम बदलून मानांकन थेट क्रमवारीनुसार करण्यात आले, तरी पुढे चाल मिळालेल्या चारपैकी तीन संघ पुन्हा पहिल्याच सामन्यात बाद झाले. तीन-साडेतीन आठवडे सामन्याविना बसणे हे बक्षीस आहे की शिक्षा, यावर आता वेगळा वाद सुरू आहे.

बारा जागा झाल्यावर तंटा मिटेल अशी अनेकांची कल्पना होती. २०२५ च्या डिसेंबरने ती खोटी ठरवली. शेवटच्या शनिवारच्या आधी अलाबामा नववे, नोटर डेम दहावे, ब्रिगहॅम यंग अकरावे आणि मायामी बारावे होते. नोटर डेम आणि मायामी दोघांचेही १० विजय आणि २ पराभव. हंगामाच्या सुरुवातीला, ३१ ऑगस्टला, मायामीने नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते. तरी संपूर्ण नोव्हेंबरभर समितीने नोटर डेमलाच वर ठेवले. पहिले दोन सामने निसटत्या फरकाने हरल्यावर त्यांनी सलग दहा सामने जिंकले होते, हे त्याचे कारण. त्या शनिवारी या दोघांपैकी कोणाचाही सामना नव्हता. ब्रिगहॅम यंग बिग ट्वेल्वच्या अंतिम सामन्यात टेक्सास टेककडून ३४-७ असे हरले आणि खाली गेले. रविवारी जाहीर झालेल्या यादीत मायामी दहावे होते आणि नोटर डेम अकरावे. लहान कॉन्फरन्सच्या विजेत्या टुलेन आणि जेम्स मॅडिसन या विद्यापीठांसाठी शेवटच्या दोन जागा राखीव असल्यामुळे अकराव्या क्रमांकाला जागा उरली नाही.

समितीचे अध्यक्ष हंटर युराचेक यांचे स्पष्टीकरण असे होते की, मधला ब्रिगहॅम यंग बाजूला झाल्यावर दोन्ही संघ शेजारी आले आणि मग परस्परांतील निकाल विचारात घेतला गेला. पद्धतीच्या दृष्टीने हे खरे असू शकते, कारण सहा-सहाच्या गटांत मतदान होत असल्याने शेजारी नसलेल्या संघांची थेट तुलना होत नाही. पण ऑगस्टमधला निकाल नोव्हेंबरातही तितकाच ठाऊक होता. दोघेही घरी बसलेले असताना एकाने दुसऱ्याला मागे टाकले, याचे समाधान नोटर डेमच्या चाहत्यांना या उत्तराने होणे शक्यच नव्हते. नोटर डेमने रागाने त्या वर्षी कोणत्याही बोल सामन्यात खेळायचेच नाकारले.

माझ्या दृष्टीने त्या रविवारची अधिक गंभीर विसंगती दुसरीच होती, आणि तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मोठ्या फरकाने हरल्याबद्दल ब्रिगहॅम यंगला खाली ढकलले गेले. त्याच दिवशी साउथईस्टर्नच्या अंतिम सामन्यात अलाबामा जॉर्जियाकडून २८-७ असे हरले, तो त्यांचा हंगामातला तिसरा पराभव होता, आणि ते नवव्या स्थानावर जागचे हलले नाहीत. अतिरिक्त सामना खेळायला पात्र ठरल्याबद्दल शिक्षा नको, हे तत्त्व मला मान्य आहे. पण मग ते दोघांनाही लागू व्हायला हवे होते. समितीने दोन प्रश्नांपैकी कोणताही एक प्रश्न निवडला असता तरी मी तो स्वीकारला असता. एकाच बैठकीत एका संघाला एका प्रश्नाने आणि दुसऱ्याला दुसऱ्या प्रश्नाने मोजले, की चाहत्यांच्या मनात वशिल्याचा संशय येतो, आणि तो येण्यात त्यांची चूक नाही.

संशयाला पैशाचीही जोड आहे. २०२५ च्या हंगामात पहिल्या फेरीत निवड झालेल्या प्रत्येक संघामागे त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळत होते, पुढच्या फेऱ्यांचे वेगळे. एका मताने किंवा एका क्रमांकाने इतकी रक्कम इकडची तिकडे होत असेल आणि मत देणारे स्वतः विद्यापीठांचे नोकरदार असतील, तर मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जाण्याचा नियम पुरेसा वाटत नाही. कारण सदस्य स्वतःच्या विद्यापीठावर मत देत नसला, तरी स्वतःच्या कॉन्फरन्समधल्या इतर सगळ्यांवर देतो.

या सगळ्याचा परिणाम सामने ठरवण्यावर होतो आणि चाहत्यांचे खरे नुकसान तिथे आहे. कॉन्फरन्सबाहेरचे मोठे सामने विद्यापीठे कित्येक वर्षे आधी ठरवतात. टेक्सासने २०२५ चा हंगाम ओहायो स्टेटच्या मैदानावर सुरू केला आणि ते १४-७ असे हरले. पुढे त्यांनी ओक्लाहोमा आणि टेक्सास ए अँड एम या बाद फेरीत गेलेल्या दोन्ही संघांना हरवले, पण एकूण तीन पराभवांमुळे तेरावे येऊन बाहेर राहिले. पहिल्या दिवशी एखाद्या दुबळ्या संघाला घरी बोलावून हरवले असते, तर टेक्सासच्या नावावर दोनच पराभव लागले असते. अलाबामाचा आक्षेपही २०२४ मध्ये असाच होता: तीन पराभवांमुळे त्यांची जागा गेली आणि ती दोन पराभव झालेल्या सदर्न मेथडिस्टला मिळाली. अवघड प्रतिस्पर्धी निवडल्याचे श्रेय क्रमवारीत मिळते असे समिती म्हणते, पण निर्णयाच्या दिवशी पराभवांचा आकडाच ठळक दिसतो असे क्रीडा संचालकांना वाटू लागले, तर ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या या मोठ्या लढती ते एकेक करून रद्द करतील.

उपाय म्हणून पुन्हा एकदा जागा वाढवण्याचीच चर्चा आहे. साउथईस्टर्नचा कल १६ संघांकडे आहे, बिग टेनचा २४ कडे, आणि दोघांचे एकमत न झाल्याने २०२६ साठी १२ हीच संख्या कायम आहे. चार प्रमुख कॉन्फरन्स आणि नोटर डेम मिळून ६८ संघ होतात. २४ जागा केल्या तर त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक संघांना पुरतील एवढ्या जागा तयार होतील. तेव्हा वाद चार-चार सामने हरलेल्या संघांमध्ये होईल, आणि तो आजच्यापेक्षा कमी महत्त्वाचा असेल, पण त्याबरोबर शनिवारच्या एकेका सामन्याचे वजनही कमी होईल. २०२५ च्या बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाने ओहायो स्टेटला १३-१० असे हरवले, तेव्हा हरणारा संघ पहिल्यावरून फक्त दुसऱ्या क्रमांकावर आला. पूर्वी अशा पराभवाने अख्खा हंगाम संपत असे.

२०२६ मध्ये संख्या तीच असली तरी नियम बदलत आहेत. चारही प्रमुख कॉन्फरन्सच्या विजेत्यांना हमखास जागा मिळेल, उरलेल्यांपैकी सर्वांत वरच्या विजेत्याला एक जागा मिळेल, आणि नोटर डेम पहिल्या बारांत असेल तर त्यालाही जागेची हमी असेल. हेच नियम २०२५ ला लावून पाहिले तर जेम्स मॅडिसन बाहेर जाते आणि अटलांटिक कोस्टचा विजेता ड्यूक, पाच पराभवांसह, आत येतो. अकरावे नोटर डेम हमीच्या जोरावर आत येते. आणि बारांची संख्या भरल्यामुळे दहाव्या मायामीला वगळावे लागते. प्रत्यक्षात त्या मायामीने टेक्सास ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) यांना हरवत राष्ट्रीय अंतिम सामना गाठला आणि तो इंडियानाकडून २७-२१ असा गमावला.